कामाच्या ठिकाणी मद्य आणि अमली पदार्थांची तपासणी : नमुना कसा घ्यावा

यंत्र चांगलं, लॅब चांगली, तरी निकालावर आक्षेप येतो तो नमुना घेतानाच्या पंधरा-वीस मिनिटांवरून. म्हणून ती मिनिटं नीट सांभाळायची. खालचे बरेचसे आकडे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमांतले आहेत. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल तर त्याचेच आकडे धरा.

आधी धोरण लेखी करा. कोणाची तपासणी होणार, कधी होणार (भरतीपूर्वी, अचानक, अपघातानंतर, संशयावरून), मर्यादा काय आणि नकार दिला तर काय, हे कामगाराला आधीच माहीत हवं. अचानक तपासणीची नावं संगणकाने निवडा आणि निवडलेलं नाव दर वेळी पुन्हा यादीत टाका. नाहीतर एकदा तपासणी झालेला माणूस वर्षभर निर्धास्त होतो. संशयावरून पाठवताना ‘प्यायलेला वाटला’ असं लिहून भागत नाही. वास, चाल, बोलणं, डोळे, वेळ असं जे दिसलं तेच लिहा.

श्वासाच्या तपासणीसाठी फ्युएल सेलचं (अल्कोहोलच्या रासायनिक क्रियेतून निघालेली वीज मोजणारं) यंत्र घ्या. स्वस्त सेमीकंडक्टर सेन्सर ॲसिटोनसारख्या इतर वाफांनाही दाद देतो, आणि अनियंत्रित मधुमेह असलेल्याच्या श्वासात ॲसिटोन असू शकतं. माउथपीस त्या व्यक्तीसमोरच पाकिटातून काढा. यंत्र मोकळ्या हवेत शून्य दाखवतंय ना, ते पाहा. फुंक एका दमात, यंत्र थांबा म्हणेपर्यंत. फुंक अपुरी राहिली की फुप्फुसाच्या तळाची हवा येत नाही आणि आकडा कमी दिसतो. तपासणाऱ्याने नुकतंच सॅनिटायझर लावलं असेल तर हात पूर्ण वाळू द्यावेत. ही चूक फार सहज होते.

आकडा ०.०२ किंवा जास्त आला (म्हणजे ढोबळमानाने १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅम अल्कोहोल), तर किमान १५ मिनिटं थांबा आणि ३० मिनिटांच्या आत दुसरी चाचणी घ्या. मधल्या वेळात खाणं, पिणं, सिगारेट काही नाही आणि माणूस नजरेआड होऊ द्यायचा नाही. माउथवॉश, खोकल्याचं औषध किंवा ढेकर यांमुळे तोंडात राहिलेलं अल्कोहोल तेवढ्या वेळात उडून जातं. रक्तातलं मात्र राहतं. अंतिम आकडा दुसरा.

अपघातानंतर दिरंगाई नको. रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं. दोन तासांत चाचणी झाली नाही तर कारण लिहून ठेवा. आठ तासांनंतर मद्याची चाचणी घेण्यात अर्थ नाही. अमली पदार्थांसाठी ३२ तासांची मुदत आहे.

लघवीच्या नमुन्यासाठी शौचालय आधी तयार करा : नळ बंद, फ्लशच्या टाकीत निळा रंग, साबण आणि क्लीनर बाहेर. खिसे रिकामे करायला लावा, पण पाकीट त्याच्याकडेच राहू द्या. नमुना किमान ४५ मिलिलिटर हवा. हातात आल्यापासून चार मिनिटांच्या आत तापमान पाहा. ३२ ते ३८ अंश सेल्सियसच्या बाहेर असेल तर नमुना बदलल्याचा संशय घ्यावा आणि लगेच देखरेखीखाली दुसरा घ्यावा. लघवी होत नसेल तर तीन तासांपर्यंत थांबा, पाणी द्या, पण एकूण सव्वा लिटरच्या आतच. जास्त पाण्याने नमुना पातळ होतो. क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा शरीरातला टाकाऊ पदार्थ) २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरखाली आणि विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता) १.००३ च्या खाली गेलं की लॅब तसं कळवते.

नमुना दोन बाटल्यांत ओता : ३० आणि १५ मिलिलिटर. सील त्याच्यासमोर लावा, सीलवर तारीख टाका, त्याची आद्याक्षरं घ्या. बाटली सील होईपर्यंत दोघांच्याही नजरेसमोर हवी. ‘जरा फोन घेतो’ म्हणून बाहेर गेलात की तो नमुना गेलाच समजा.

स्ट्रिप (लघवीत बुडवून जागेवरच निकाल देणारी पट्टी) वापरत असाल तर लक्षात ठेवा : चाचणीची रेषा उमटली म्हणजे निगेटिव्ह, आणि फिकट रेषा म्हणजेही निगेटिव्ह. कंट्रोलची (स्ट्रिप नीट चालली हे दाखवणारी) रेषा उमटली नाही तर स्ट्रिप बाद. किटवर लिहिलेल्या वेळेनंतर वाचू नका. आणि निव्वळ स्ट्रिपवरून कोणावरही कारवाई करू नका. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ॲम्फेटामिनसारखं दिसू शकतं. म्हणून पॉझिटिव्ह नमुना लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी (रेणूंच्या वजनावरून पदार्थ नेमका ओळखणाऱ्या चाचणीसाठी) पाठवायचा. गांजासाठी प्राथमिक चाचणीची मर्यादा ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या खात्रीच्या चाचणीची १५. खसखशीने मात्र मॉर्फिन खरोखरच सापडतं. तिथे लॅब बरोबर असते आणि अर्थ लावायला डॉक्टर लागतो. निकाल व्यवस्थापनाकडे जाण्याआधी डॉक्टरने त्या व्यक्तीशी बोलून प्रिस्क्रिप्शन तपासावं.

लघवीतून माणूस त्या क्षणी नशेत होता हे कळत नाही. नियमित गांजा घेणाऱ्यात अवशेष कित्येक आठवडे सापडतात, कोकेनचे दोन-चार दिवस. अपघाताच्या अहवालात ‘नशेत काम करत होता’ असं लिहिण्यापूर्वी हे ध्यानात घ्या.

पॉझिटिव्ह कळवल्यावर ७२ तासांत दुसरी बाटली वेगळ्या लॅबमध्ये तपासून मागण्याचा हक्क द्या. लॅब पॉझिटिव्ह नमुना गोठवून किमान वर्षभर ठेवते, त्यामुळे वाद उशिरा निघाला तरी पुन्हा तपासता येतो.