छोट्या स्टुडिओतील वेब डिझाइन: सोपवल्यानंतरही टिकेल अशी मांडणी

दोन-तीन जणांच्या स्टुडिओत घडवलेले संकेतस्थळ आपल्या हातात काही आठवडे असते आणि ग्राहकाच्या हातात पुढची काही वर्षे. आपण निवडलेले आडवे छायाचित्र काढून ग्राहक मोबाइलवर उभे टिपलेले चित्र टाकतो, चार शब्दांच्या शीर्षकाच्या जागी चौदा शब्द लिहितो आणि मांडणी विस्कटते. दुरुस्तीसाठी वेगळा माणूस ठेवणे लहान स्टुडिओला परवडत नाही, त्यामुळे अजून न पाहिलेला मजकूर गृहीत धरूनच डिझाइन करावे लागते.

खरा मजकूर हाती आल्याशिवाय काम सुरू करू नये, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो योग्य आहे, पण मजकूर वेळेवर येत नाही हेही तितकेच खरे. अशा वेळी पानावरील प्रत्येक घटकासाठी तीन नमुने स्वतः लिहून काढावेत: सर्वांत लहान, नेहमीचा आणि सर्वांत मोठा. उदाहरणार्थ, उत्पादनाचे कार्ड आखताना एक नाव एकाच शब्दाचे, दुसरे तीन ओळींचे आणि तिसऱ्या कार्डाला चित्रच नाही, अशी स्थिती ठेवावी. सगळीकडे सारख्या लांबीचा निरर्थक नमुना मजकूर भरला, तर आराखडा सुंदर दिसतो आणि त्यातील दोष शेवटपर्यंत झाकलेले राहतात.

मांडणीची सुरुवात 320 पिक्सेल रुंदीपासून, म्हणजे लहान मोबाइलच्या पडद्यापासून करावी. वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी 2010 मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ (पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारी मांडणी) ही संज्ञा मांडल्यानंतर बराच काळ मोबाइल, टॅबलेट आणि संगणक अशा तीन ठरावीक रुंदींसाठी वेगवेगळे नियम लिहिण्याची पद्धत रूढ होती. 2017 मध्ये सीएसएस ग्रिड (सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील, ओळी-रकान्यांत मांडणी करण्याची सोय) प्रमुख ब्राउझरांत आल्यापासून त्याची गरज पुष्कळ कमी झाली आहे. ग्रिडमधील ‘ऑटो-फिट’ आणि ‘मिनमॅक्स’ या सूचना वापरून रकाना किमान 240 पिक्सेलचा असावा एवढे सांगितले, की किती रकाने बसतील हे ब्राउझर स्वतः ठरवतो. नियम बदलायचाच झाला, तर जिथे मजकूर दाटायला लागतो तिथे बदलावा. बाजारातील उपकरणांच्या रुंदीमागे धावू नये. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवावा: ग्रिडमधील रकाना त्यातील सर्वांत लांब अखंड शब्दापेक्षा लहान होण्यास सहसा तयार नसतो, त्यामुळे एखादा लांबलचक वेबपत्ता संपूर्ण पान आडवे ताणतो. अशा ठिकाणी किमान रुंदी शून्य ठेवून लांब शब्द तोडण्याची मुभा द्यावी.

चित्रांची चौकट आपण ठरवावी. चित्र कसे येईल ते आपल्या हाती नसते. रुंदी-उंचीचे गुणोत्तर निश्चित करून चित्र त्या चौकटीत भरले, की उभे-आडवे चालून जाते, परंतु माणसांचे चेहरे कापले जाऊ नयेत यासाठी चित्राचा केंद्रबिंदू निवडण्याची सोय ठेवावी. आकार लहान करणे आणि वेबपी किंवा एव्हीआयएफ या हलक्या फाइल-प्रकारांत रूपांतर करणे ही कामे चित्र चढवताना आपोआप व्हावीत. प्रत्येक चित्राला रुंदी आणि उंची नमूद केल्यास पान उघडताना मजकूर उड्या मारत नाही. खालची चित्रे गरजेनुसार उशिरा लोड करावीत, पण पहिल्या पडद्यावरील मोठ्या चित्राला ही सवलत देऊ नये, कारण पानाचा मुख्य भाग 2.5 सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलचा निकष तिथेच हुकतो.

छायाचित्रावर थेट अक्षरे ठेवण्याचा मोह आम्ही आता टाळतो. गडद चित्रावर उठून दिसणारा पांढरा मथळा चित्र बदलताच नाहीसा होतो. सुगम्यतेच्या, म्हणजे अपंग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार सामान्य मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर (कॉन्ट्रास्ट) किमान 4.5:1 हवे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर #999999 हा लोकप्रिय राखाडी रंग त्यात बसत नाही, #767676 जेमतेम बसतो.

देवनागरी मजकुरासाठी ओळींमधील अंतर अक्षराच्या आकाराच्या 1.6 ते 1.8 पट ठेवावे, अन्यथा वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडतात. अक्षरांमधील अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नोंदवावे, कारण काही फॉन्ट त्यावरूनच ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे निवडतात. जोडाक्षरांमुळे या फॉन्टच्या फाइल जड असतात, म्हणून दोनच जाडी पुरेशा समजाव्यात.

अर्जातील रकान्यांची अक्षरे 16 पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नयेत. तशी ठेवल्यास आयफोनवरील सफारी रकान्याला स्पर्श होताच पान मोठे करते.

मजकूर वर्षातून दोनदाच बदलणार असेल, तर साधी स्थिर पाने पुरतात. दर आठवड्याला बदलणार असेल, तरच मजकूर व्यवस्थापन प्रणाली (कोडला हात न लावता मजकूर बदलू देणारे सॉफ्टवेअर) घ्यावी आणि तिच्यात ग्राहकाला रंग व फॉन्ट बदलण्याचे पर्याय उघडे ठेवू नयेत. सोपवण्याच्या दिवशी ग्राहकाला स्वतः एक नवे पान तयार करायला सांगावे आणि शेजारी बसून, काहीही न सुचवता, तो कुठे अडखळतो ते टिपून घ्यावे. त्या टिपणातील दुरुस्त्यांसाठी दोन दिवस वेळापत्रकात आधीच राखून ठेवलेले असावेत.