पॅन्टो लिहिताय? मग थांबवायची तारीखही लिहा

अडीच वर्षांपूर्वी वॉर्डातून घरी पाठवलेल्या एक आजी मला परत भेटल्या त्या कॅज्युअल्टीत. हातापायांत पेटके, मॅग्नेशियम पार तळाला. पिशवीतून जुनं डिस्चार्ज कार्ड निघालं, अक्षर माझंच: पॅन्टोप्राझोल ४०, म्हणजे ॲसिड कमी करणारं आपलं पॅन्टो, रोज सकाळी. किती दिवस? काहीच नाही. मेडिकलवाला कार्ड बघून देत राहिला, आजी घेत राहिल्या. जोडीला बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी होतीच.

म्हणून नव्या रेसिडेंटांसाठी हे. वय, ॲलर्जी, वजन बघायचं हे सांगत बसत नाही.

चार्टवर पॅन्टो लिहिण्याआधी शेजारी कारण लिहा. ‘अँटिबायोटिक चालू आहे’ हे कारण नव्हे. ‘सलाईनवर आहे’ हेही नव्हे. नुसतं स्टेरॉइड? तेही नाही, सोबत डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी असेल तर हो. ४८ तासांच्या वर व्हेंटिलेटरवर असलेला पेशंट, आयसीयूतला प्लेटलेट ५० हजारांखाली किंवा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) दीडच्या वर गेलेला पेशंट, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या घेणारे आजोबा, रक्ताची उलटी, काळी शी: इथे द्या, कचरू नका. आणि कारण लिहिलंत की पेन न उचलता त्याच ओळीत थांबवायची तारीख. व्हेंटिलेटर हेच कारण असेल आणि दुसरा धोका उरला नसेल, तर नळी निघाली की पॅन्टोही निघायला हवं. तारीख ठरत नसेल तर ‘ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असेपर्यंत’ असं काही लिहा. जागा कोरी सोडायची नाही.

घरच्या औषधांची पिशवी पलंगावर उपडी करा. ‘ॲसिडिटीचं काही घेता का’ विचारलं तर नाही म्हणतात, आणि आतून ओमेप्राझोलची, म्हणजे पॅन्टोच्याच जातीतल्या गोळीची, अर्धी पट्टी निघते. क्लोपिडोग्रेलवाल्याला ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळा, क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो, पॅन्टो चालतं. उत्साहाच्या भरात सगळ्यांचंच बंद करत सुटू नका. बॅरेट (ॲसिडमुळे अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं), अन्ननलिकेला जबर सूज, पूर्वी रक्तस्राव झालेला अल्सर: यांना हात लावण्याआधी सरांना विचारा.

पेशंट जेवायला लागला की इंजेक्शनची गोळी करा. नातेवाइकांचा सुईवर जास्त भरवसा असतो, म्हणून शिरेतून देत राहायचं का? गोळी अनशापोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. चहा-बिस्किटं झाल्यावर दिलेल्या गोळीचा पुरता उपयोग होत नाही, हे सिस्टरशी आधीच बोलून ठेवा.

मध्येच जुलाब लागले तर सी. डिफिसिल हा आतड्यातला जंतू आठवा. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) विनाकारण चढलं तर पॅन्टोवरही संशय घ्या. दीर्घकाळ घेणाऱ्यांचं बी-१२, मॅग्नेशियम बघा.

डिस्चार्ज. चार्टवरची औषधं डोळे झाकून कार्डावर उतरवायची नाहीत. माझं तिथेच चुकलं. कारण संपलं असेल तर पॅन्टो कार्डावर नकोच. साधी छातीतली जळजळ असेल तर ४ ते ८ आठवडे, आणि तारीख. बरेच महिने घेतलेली गोळी बंद केल्यावर काही दिवस जळजळ उसळते हे सांगा, नाहीतर पेशंट स्वतःच पुन्हा सुरू करेल. तारीख. परत एकदा बघा, लिहिलीत का? मराठीत लिहा: ‘अमुक तारखेनंतर बंद’. कार्ड घरी सुनेला वाचायचं असतं.