बूम बॅप बीट बनवताय? मग या चुका टाळा

बूम बॅप म्हणजे नव्वदीतल्या न्यूयॉर्कच्या हिप-हॉपचा साऊंड. तो पाहिजे म्हणून बरेच जण सगळ्यात आधी विनाइल क्रॅकलचं (जुन्या रेकॉर्डच्या खरखरीचं) प्लगइन टाकतात, आणि मग म्हणतात बीट अजूनही प्लास्टिक वाटतेय. अहो तो साऊंड खरखरीतून आलेलाच नाहीये! १९८७ ला आलेल्या एसपी-१२०० या बीट मशीनमध्ये सॅम्पलिंगला (रेकॉर्डमधला तुकडा उचलायला) एकूण जेमतेम १० सेकंद मिळायचे, तेही १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झ इतक्या कमी क्वालिटीवर, त्यामुळे जागा वाचवायला लोक ३३ आरपीएमची रेकॉर्ड ४५ च्या स्पीडवर फिरवून सॅम्पल घ्यायचे आणि नंतर मशीनमध्ये पिच खाली ओढायचे, तो जाड खरबरीत टोन त्यातून आला. लॅपटॉपवर पण जमतं. सॅम्पल ५ सेमिटोन (अर्धे सूर) वर न्या, बिटक्रशरमधून (क्वालिटी मुद्दाम खाली आणणारं प्लगइन) १२ बिट २६ किलोहर्ट्झ करून बाउन्स करा (नवी ऑडिओ फाइल काढा), मग परत ५ खाली आणा. फक्त टाइम स्ट्रेच बंद पाहिजे हां, पिचबरोबर स्पीडही बदलला पाहिजे, नाहीतर काही उपयोग नाही.

किक (बेस ड्रमचा ठोका) दबतेय? किकचा आवाज वाढवत बसू नका, आधी सॅम्पलमधली जुनी बेस कापा. साधारण १५० हर्ट्झच्या खालचं हाय पास फिल्टरने उडवा, आणि बेसलाइन त्याच रेकॉर्डची हवी असेल तर त्याच लूपची कॉपी करून लो पास लावा, म्हणजे फक्त खालचा आवाज उरेल. प्रोड्यूसर पीट रॉकच्या बीट्स हेडफोन लावून नीट ऐका, खाली जी गोल घुमणारी बेस असते ना, ती फिल्टरची कमाल आहे, मला तर या स्टाइलमधली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते.

स्विंग ५८ टक्के केला तरी फरक ऐकू येत नाही, ही पण नेहमीची तक्रार. एमपीसी (अकाईचं बीट मशीन) टाइप स्विंग दर दुसरी सिक्स्टीन्थ नोट (पाव बीटची नोट) मागे ढकलतो, तुमचे हाय-हॅट्स नुसते एट्थवर (दर अर्ध्या बीटला) असतील तर हलायला काही नाहीच ना तिथे! मधल्या सिक्स्टीन्थवर एखादी घोस्ट किक (हलकी किक) टाका, लगेच डोलायला लागेल. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या बीटवरच राहू दे.

चॉप्स (सॅम्पलचे कापलेले तुकडे) एकमेकांवर चढून गिचमिड होत असेल तर सगळे एकाच चोक ग्रुपमध्ये टाका, म्हणजे नवा पॅड दाबला की जुना गप्प. सुरुवातीला टक् आवाज येत असेल तर कट झीरो क्रॉसिंगवर (वेव्ह शून्य रेषेवर येते तिथे) आणा किंवा अगदी बारीक फेड द्या, पण जास्त नको, अटॅक (आवाजाची सुरुवातीची धार) मरतो.

आणि "दोनच सेकंद घेतलेत, चालतं" हे डोक्यातून काढा. १९९१ ला रॅपर बिझ मार्कीच्या सॅम्पलवरून न्यूयॉर्कच्या कोर्टाने त्याच्या विरोधात निकाल दिला तेव्हापासून अमेरिकेत सगळे क्लिअरन्सबाबत (सॅम्पलची परवानगी घेण्याबाबत) सावध झाले. आपल्याकडची जुनी फिल्मी रेकॉर्ड कापली तरी रिलीज करायच्या आधी रेकॉर्डिंगचे हक्क कोणाकडे आणि गाण्याचे कोणाकडे, दोन्ही विचारा, कारण परवानग्या दोन वेगवेगळ्या लागतात.