'गुगल' हा संदर्भ नव्हे: प्रोजेक्टमध्ये आकडे टाकताना या चुका टाळा

मराठवाड्यातल्या कॉलेजात पर्यावरणाचा प्रोजेक्ट म्हटला की पाणी, दुष्काळ, ऊसतोड हे विषय हमखास येतात. यायलाच हवेत, ते आपल्या दारातले प्रश्न आहेत. पण तोंडी परीक्षेत 'हा आकडा कुठला?' असं विचारलं की उत्तर येतं, 'गुगलवर मिळाला.' गुगलने पान शोधून दिलं, मोजणी दुसऱ्याच कुणीतरी केली. ती कुणी केली, कधी केली आणि नेमकं काय मोजलं, एवढं शोधल्याशिवाय आकडा वहीत उतरवू नका.

आकडा कशाचा, हेच न पाहणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. 'जायकवाडीत शून्य टक्के साठा' ही बातमी वाचून अनेकजण 'धरण कोरडं पडलं' असं लिहितात. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातलं सुमारे २६ टीएमसी पाणी मृतसाठ्यात, म्हणजे दारांच्या खाली राहणाऱ्या, आपोआप बाहेर न येणाऱ्या पाण्यात मोडतं, आणि बातमीतली टक्केवारी उरलेल्या ७६ टीएमसी जिवंत साठ्याची असते. म्हणजे शून्य टक्क्यांनंतरही धरणात पाणी असतं. टंचाईत पिण्यासाठी तेच उपसावं लागतं. तसंच पन्नास टक्के म्हणजे ५१ टीएमसी नव्हे, ३८ टीएमसी वापरण्याजोगं पाणी. सरकारी तक्ते बहुधा दलघमीत (दशलक्ष घनमीटरमध्ये) असतात, वर्तमानपत्रं टीएमसीत बोलतात. १ टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळले की सगळा हिशेब बिघडतो.

ऊसतोडीचंही तसंच. कारखान्याकडे किंवा मुकादमाकडे मोजणी कोयत्यांची असते आणि एक कोयता म्हणजे सहसा नवरा-बायकोची जोडी. कोयत्यांचा आकडा 'कामगारांची संख्या' म्हणून लिहिला तर निम्मी माणसं गायब होतात, आणि बहुतेकदा त्या बायकाच असतात. ही चूक मला सगळ्यात जास्त लागते.

बीडच्या मुलींविषयी लिहिणाऱ्यांनी तर फारच जपून लिहावं. २०११च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे आले तेव्हा शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०१ मुली होत्या. अंतिम आकडा ८०७ आला. दोन्हींखाली 'जनगणना २०११' असंच लिहिलेलं सापडतं. अंतिम आकडा घ्या आणि तो बालकांचा आहे हे स्पष्ट लिहा. सगळ्या वयांच्या स्त्री-पुरुषांचं प्रमाण वेगळं असतं.

वर्ष आणि नकाशा न जुळवणं

२०२१ साली जनगणना झालीच नाही. त्यामुळे 'जनगणना २०२१' असं लिहून जिल्ह्याची लोकसंख्या देणाऱ्या पानावर विश्वास ठेवू नका; तो फार तर कुणाचा तरी अंदाज असेल.

आपल्याकडे जिल्हेही बदलले आहेत. लातूर वेगळा झाला १९८२मध्ये, हिंगोली १९९९मध्ये. १९८१च्या मूळ जनगणना पुस्तिकेतल्या उस्मानाबादमध्ये लातूरही आहे, त्यामुळे तो आकडा आजच्या धाराशिवच्या शेजारी ठेवला तर लोकसंख्या घटल्यासारखी दिसते. जुनी कागदपत्रं शोधताना 'औरंगाबाद', 'उस्मानाबाद' हीच नावं टाका. नव्या नावांनी ती सापडणार नाहीत.

'चार ठिकाणी आहे, म्हणजे खरंच असेल'

एकाच विहिरीचं पाणी चार घागरींत भरलं म्हणून विहिरी चार होत नाहीत. संशय आला तर लेखातलं एखादं वेगळं वाटणारं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. तेच वाक्य जसंच्या तसं चार पानांवर दिसलं तर तुमच्याकडे स्रोत एकच आहे, आणि तोही कदाचित पाचव्याच कुणाचा.

व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला म्हणजे मेसेज अनेक हातांतून फिरून आला आहे. त्याचा खरेपणाशी काही संबंध नाही. विकिपीडिया वाचायला हरकत नाही, पण उद्धृत करताना खाली दिलेला मूळ अहवाल उघडा. मराठी विश्वकोश व्याख्या आणि संकल्पनांसाठी उत्तम आहे. मात्र त्याचा पहिला खंड १९७६चा, तेव्हा जुन्या नोंदींतली आकडेवारी त्या काळचीच असणार.

एआय चॅटबॉटला संदर्भ मागितले तर तो अस्तित्वात नसलेली पुस्तकं आणि लेखही खात्रीनं सांगतो. प्रत्येक शीर्षक ग्रंथालयाच्या सूचीत किंवा त्या नियतकालिकाच्या अंकात स्वतः शोधा. नाही सापडलं तर संदर्भसूचीतून काढून टाका.

'इंटरनॅशनल जर्नल' या नावालाही भुलू नका. पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स भरपूर आहेत. 'यूजीसी केअर लिस्टेड', म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नल्सच्या यादीतलं, असा शिक्का अजूनही मिरवला जातो, पण यूजीसीने ती यादी फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचे पीएचडी प्रबंध मोफत वाचता येतात. तिथेही तक्त्याखालची 'स्रोत' ही ओळ वाचून मुळापर्यंत जा.

माणसाचं सांगणं कमी लेखणं

गावातल्या आजीने सांगितलेली १९७२च्या दुष्काळाची आठवण हा पुरावाच आहे. खडी फोडायला कोण गेलं, काय खाल्लं, हे सरकारी तक्त्यात सापडणार नाही. तिच्याकडून जिल्ह्याचा पाऊस मात्र विचारू नका. तो हवामान विभागाच्या नोंदींतून घ्या. मुलाखतीची तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं तेव्हाचं वय लिहा. नाव छापण्याआधी परवानगी घ्या.

दोन चांगले स्रोत वेगळं सांगत असतील तर?

३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपातल्या मृतांचा आकडा कुठे ७,९२८ मिळतो, कुठे ९,७४८. तीव्रताही कुठे ६.२, कुठे ६.४. इथे सोयीचा एक उचलणं किंवा सरासरी काढणं, दोन्ही चूक. तीव्रतेतला फरक मोजण्याच्या पद्धतींमुळेही पडतो, म्हणून पद्धतीचं नाव लिहा. मृतांचे दोन्ही आकडे द्या, कोणता कोणत्या अहवालातला आणि तो कधीचा हे प्रत्येकापुढे लिहा. एखाद्याचा मूळ अहवाल सापडलाच नाही, तर तो आकडा ज्या पानावर वाचला त्याच पानाच्या नावाने द्या. न पाहिलेल्या अहवालाचं नाव संदर्भसूचीत घालू नका.