सांगलीत इंजिनकामाला भरवशाचा मिस्त्री असा मिळाला

वडिलांची जुनी स्प्लेंडर निळा धूर सोडायला लागली, ऑइलही कमी होत होतं. एका गॅरेजवाल्याने इंजिन न उघडताच खर्चाचा आकडा सांगितला. तिथून निघालो. मग मिरज रोडवर दूध घालणाऱ्यांना विचारलं. रोज गाडीवरच पोट असलेली माणसं कच्चा मिस्त्री ठेवत नाहीत. त्यांनी सुचवलेल्या चाचांनी सिलिंडर काढून बोअर गेजने (आतला व्यास मोजायचं डायलवालं साधन) वर, मध्ये, खाली मापला आणि डायल मलाच दाखवली. वर, पिस्टनच्या रिंगा परत खाली वळतात तिथे झीज सगळ्यात जास्त. ०.५० मिमी ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा पिस्टन आधी आणायला लावला, मग त्याच्या मापाने सिलिंडर बोअर केला, म्हणजे आतून कापून मोठा केला. "क्रँक चांगला आहे, उगाच खोलायचा नाही," म्हणाले. क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा दांडा. हेडच्या पोर्टमध्ये, म्हणजे हवा-धुराच्या वाटेत, पेट्रोल ओतून व्हॉल्व्ह (त्या वाटेच्या झडपा) गळत नाहीत हेही दाखवलं. जुने पार्ट पिशवीत परत दिले. पहिले ५०० किमी गाडी ताशी ५० च्या आतच चालवली, मग ऑइल बदललं. धूर पूर्ण बंद आहे.