इंग्रजी वाक्यांचे नेहमीचे साचे कसे ओळखावेत आणि अंगवळणी कसे पाडावेत

मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांना इंग्रजी बातमी वाचून कळते, शब्दांचा साठाही बरा असतो. पण बोलायची वेळ आली की वाक्य अर्ध्यावर अडते, आणि बहुतेक वेळा ते क्रियापदापाशीच अडते. 'एक्स्प्लेन' चा अर्थ ठाऊक असतो. त्याच्यापुढे काय यावे हे कोणी सांगितलेले नसते. खरे तर रोजच्या इंग्रजीतले साचे थोडेच आहेत. तेच ते फिरून येतात, आतले शब्द तेवढे बदलतात. म्हणून नवे शब्द पाठ करण्याआधी माहीत असलेल्या क्रियापदांचे साचे पक्के करावेत, असे मला मनापासून वाटते.

पहिली पायरी: शब्दाची जागा पक्की करा

मराठीत कोणी कोणाला काय केले, हे प्रत्यय सांगतो. 'वाघाने शिकाऱ्याला मारले' काय किंवा 'शिकाऱ्याला वाघाने मारले' काय, मेला शिकारीच. इंग्रजीत हे काम जागा करते. 'द टायगर किल्ड द हंटर' मधल्या दोन नावांची अदलाबदल केली की वाघ मरतो. आधी कर्ता, लगेच क्रियापद, मग कर्म, त्यानंतर कसे, कुठे, केव्हा, असा हा मूळ साचा आहे.

क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये सहसा काही घालू नका. 'शी स्पीक्स व्हेरी वेल मराठी' चुकते; 'शी स्पीक्स मराठी व्हेरी वेल' हवे. 'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' असे शब्द मात्र क्रियापदाच्या आधी येतात: 'आय ऑलवेज टेक द बस'. पण वाक्यात 'ॲम', 'इज', 'आर' असेल तर ते त्याच्या नंतर: 'ही इज ऑलवेज लेट'.

दुसरी पायरी: 'मला'ने सुरू होणारी वाक्ये वेगळी काढा

या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या, कारण आपली सर्वाधिक वाक्ये इथेच अडतात. मला भूक लागली. मला ताप आहे. मला दोन बहिणी आहेत. मला पोहता येते. मला चहा आवडतो. मला उशीर झाला. मला घरी जायचे आहे. मराठीत ही सगळी एकाच घरातली वाटतात. इंग्रजीत 'मला' जाऊन सगळीकडे 'आय' येतो, पण पुढचा साचा प्रत्येक वेळी तोच राहत नाही.

भूक आणि उशीर यांसाठी 'ॲम': 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम लेट'. ताप आणि बहिणी यांसाठी 'हॅव': 'आय हॅव अ फीव्हर', 'आय हॅव टू सिस्टर्स'. इथे 'आय ॲम हॅविंग' म्हणू नका. जवळ असणे, माहीत असणे, आवडणे या अर्थाच्या क्रियापदांना सहसा 'इंग' लागत नाही. येण्यासाठी 'कॅन': 'आय कॅन स्विम'. आवडीसाठी 'लाइक': 'आय लाइक टी'. जायची इच्छा असेल तर 'आय वॉन्ट टू गो होम', जावेच लागणार असेल तर 'आय हॅव टू गो होम'. एका कागदावर डावीकडे स्वतःची 'मला'ची दहा-बारा वाक्ये लिहा आणि उजवीकडे त्यांचे साचे मांडा. हा कागद बराच काळ उपयोगी पडतो.

तिसरी पायरी: कर्त्याची जागा रिकामी ठेवू नका

'उशीर झाला', 'खूप उकडतंय' या मराठी वाक्यांत कर्ता शोधावा लागतो. पूर्ण इंग्रजी वाक्यात ती जागा कोणीतरी भरलेली लागते. खरा कर्ता नसेल तर 'इट' बसतो: 'इट इज लेट', 'इट इज व्हेरी हॉट'. एखादी वस्तू कुठेतरी आहे हे सांगताना 'देअर' येतो: 'देअर आर टू बुक्स ऑन द टेबल'.

'इट' चे आणखी दोन साचे रोज लागतात. पहिला वेळेचा: 'इट टेक्स हाफ ॲन अवर टू गेट टू दादर'. 'इट टेक्स', मग वेळ, मग 'टू' आणि क्रियापद. दुसरा सोपे-अवघड सांगण्याचा: 'इट इज हार्ड टू पार्क हिअर'.

चौथी पायरी: क्रियापद त्याच्या शेपटासकट शिका

ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक १९२४ मध्ये जपानला शिकवायला गेले. जपानीतही मराठीसारखेच क्रियापद शेवटी येते आणि शब्दांचे नाते त्यांना जोडलेले अव्यय सांगते. क्रियापदानंतर काय येऊ शकते याचे २५ साचे हॉर्नबींनी मांडले आणि १९४२ मध्ये टोकियोत निघालेल्या आपल्या कोशात क्रियापदांपुढे साच्यांच्या खुणा दिल्या. पुढे ऑक्सफर्डने १९४८ पासून तोच कोश प्रसिद्ध केला. परक्या भाषेत नुसता अर्थ पुरत नाही, हे त्यांनी नेमके हेरले होते. आपल्याला २५ची गरज नाही. चार गटांत बरेच काम भागते.

पहिल्या गटात क्रियापदानंतर 'टू' येतो: वॉन्ट, नीड, होप, डिसाइड, प्लॅन. यांतल्या 'वॉन्ट' आणि 'नीड' मध्ये, दुसऱ्याने काही करावे असे वाटत असेल तर तो माणूस मध्ये बसतो: 'आय वॉन्ट यू टू कॉल हिम'. 'तू त्याला फोन करावास' हे डोक्यात असल्यामुळे 'आय वॉन्ट दॅट यू शुड' असे तोंडात येते. ते टाळा.

दुसऱ्या गटात 'इंग' येतो: एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड, माइंड, कीप. 'वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?' ही अतिशय नम्र विनंती याच साच्यातली. 'स्टॉप' दोन्ही घेतो, पण अर्थ बदलतो. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने सिगारेट सोडली. 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे सिगारेट ओढायला तो थांबला.

तिसरा गट छोटा आहे. 'लेट' आणि 'मेक' नंतर माणूस आणि मग नुसते क्रियापद: 'लेट मी सी', 'शी मेड मी वेट'.

चौथा गट सांगण्या-समजावण्याचा. 'टेल मी' बरोबर, पण 'से मी' नाही. 'से' ला माणसाआधी 'टू' लागतो. 'एक्स्प्लेन मी' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. हवे ते 'एक्स्प्लेन इट टू मी'. 'डिस्कस' ला 'अबाउट' लागत नाही: 'लेट अस डिस्कस द प्लॅन'. चुकले तरी समोरच्याला कळते, हे खरे. पण मुलाखतीत किंवा कामाच्या ईमेलमध्ये हे शेपूट लगेच डोळ्यात भरते.

एकसारख्या दिसणाऱ्या साच्यांची एक जोडी जपून वापरावी. 'आय यूज्ड टू लिव्ह इन नाशिक' म्हणजे पूर्वी नाशिकला राहायचो. 'आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन नाशिक' म्हणजे नाशिकला राहायची सवय झाली आहे. 'लुक फॉरवर्ड टू' मधला 'टू' या दुसऱ्या प्रकारचा, म्हणून 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू'.

पाचवी पायरी: प्रश्न उलटवा

मराठीत 'तू कुठे चालला आहेस?' मध्ये शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारते: 'व्हेअर आर यू गोइंग?' पण असा प्रश्न दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात गेला की क्रम पुन्हा सरळ होतो: 'डू यू नो व्हेअर ही इज?'

सहावी पायरी: रोजचा सराव

वहीत शब्दाचा अर्थ एकटा लिहू नका. 'एन्जॉय' ऐवजी 'एन्जॉय डूइंग समथिंग' असे शेपटासकट लिहा आणि खाली स्वतःबद्दलचे एक खरे वाक्य लिहा. मग त्यातली एकच जागा बदलत पाच वाक्ये मोठ्याने म्हणा: 'आय वॉन्ट यू टू कॉल हिम', 'आय वॉन्ट यू टू हेल्प हिम', 'आय वॉन्ट हर टू हेल्प हिम'. दिवसाला दोन-तीन क्रियापदे पुरेत. क्रिकेटचे समालोचन, बँकेचे संदेश, औषधाच्या खोक्यावरच्या सूचना यांतून साचे टिपत राहा. शंका आली तर कोशातला अर्थ वाचून थांबू नका, खालचे उदाहरणवाक्य पाहा.

बोलता बोलता एखाद्या क्रियापदाचे शेपूट आठवले नाही, तर खात्रीच्या साच्याकडे वळा. 'सजेस्ट' नंतर काय येते ते सुचत नसेल, तर सरळ 'आय थिंक यू शुड सी अ डॉक्टर' म्हणा आणि संभाषण चालू ठेवा. घरी आल्यावर कोश उघडून 'सजेस्ट' वहीत लिहा.