कॉम्प्युटर घेताना वेगाआधी वय बघा

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मशीनमध्ये बिघाड असा काहीच नसतो. नवं सॉफ्टवेअर त्यांच्यावर चढत नाही, एवढंच. धडधाकट मशीन अशा कारणासाठी बाजूला ठेवताना मला फार वाईट वाटतं, आणि खरेदीच्या वेळी थोडं लक्ष दिलं तर हे बरंच टळतं.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी), सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. त्या यादीत मेख आहे. इंटेलचा आय७-७७००के जानेवारी २०१७ मध्ये आला, आय३-८१०० त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. ताकदीने आय७ सरस, पण यादीत आहे तो आय३, कारण तो आठव्या पिढीचा. म्हणून मी आधी पिढी बघते, वेग नंतर.

पिढी कळायला प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या आणि तो कधी बाजारात आला ते कंपनीच्या साइटवर शोधा. नुसतं इंटेलचा ‘आय५’ किंवा एएमडीचा ‘रायझन ५’ म्हणून काही कळत नाही. नव्या नावाखाली जुनी रचनाही विकली जाते. एएमडीच्या लॅपटॉपमधल्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा: रायझन ५ ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आत झेन २, जी रचना २०१९ मध्ये आली. ७६४०यू मध्ये तो ४, म्हणजे झेन ४. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर वरून फरक दिसत नाही.

मग रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी. १६ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, आणि ती बोर्डवरच सोल्डर केलेली आहे का, हे विचाराच. सोल्डर असेल तर पुढे वाढवता येत नाही, म्हणून शेवटच्या वर्षी जेवढी लागेल तेवढी आजच घ्यावी. मोकळा स्लॉट असेल तर घाई नाही. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारा ड्राइव्ह, एम.२ नावाच्या स्लॉटमध्ये असेल तर नंतर बदलता येते, त्यामुळे तिथे थोडी काटकसर चालेल. ईएमएमसी (बोर्डवरच पक्की बसवलेली, संथ साठवण) असलेलं मशीन मात्र मी कोणालाच सुचवत नाही.

मॅक घेणार असाल तर इंटेलवाला जुना मॅक स्वस्तात मिळाला तरी सोडा. त्यांच्यासाठी टाहो हीच शेवटची मॅकओएस आवृत्ती, असं ॲपलने जून २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. क्रोमबुकचे (गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपचे) अपडेट १० वर्षं मिळतात, पण ती वर्षं त्याचा प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही.

स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बॅटरीला चांगले. हा प्रोसेसर इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, एआरएम६४ रचनेचा. नेहमीचे बरेचसे प्रोग्रॅम त्यांच्यावर इम्युलेशनने (जुन्या रचनेची नक्कल करून) चालतात, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर, तसे चालत नाहीत, ते एआरएम६४ साठीच बनलेले लागतात. घरात जुना स्कॅनर किंवा प्रिंटर असेल तर त्याचा तसा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी बघा.

एनपीयूबद्दल, म्हणजे प्रोसेसरमधल्या एआयच्या कामासाठीच्या भागाबद्दल, हल्ली सगळेच विचारतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘कोपायलट प्लस’ या एआय-कॉम्प्युटरच्या शिक्क्यासाठी सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू लागतो. तुमचा एखादा प्रोग्रॅम तो वापरत असेल तर जरूर घ्या. नुसत्या शिक्क्यासाठी जादा पैसे देण्यापेक्षा ते रॅममध्ये घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीन घरी आलं की परत करण्याची मुदत संपायच्या आत तुमचे सगळे प्रोग्रॅम त्यावर टाका, प्रिंटर-स्कॅनर जोडा आणि प्रत्येकावर एकेक खरं काम करून बघा. बदलून घ्यायचं असेल तर ते याच दिवसांत जमतं.